तांकवा वाळत घालताना

लव्हाळ्याची होडी रोज पाण्यात घालू नये.
हे मला बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने.
एक दिवस वल्हवली की एक दिवस
काठावर उभी करून ठेवायची, बूड उन्हाकडे.
नाहीतर ती पाणी पिते. पीत राहते.
वरून काही कळत नाही, आणि एखाद्या सकाळी
पाय ठेवावा तर नुसती भिजलेल्या गवताची गादी.

होडीला हे देत आलो.
स्वतःला नाही.

मंतेगबोश तापाने फणफणली होती त्या रात्री
मी उशाशी बसून होतो. भिंतीला पाठ टेकली, एवढंच.
जाग आली तेव्हा कोंबडा आरवून गेला होता
आणि तिचा हात
माझ्या हातात होता तसाच,
फक्त गार.

चार वर्षं झाली. अंथरूण घालतो ते रीत म्हणून.
बायको म्हणते, चेकोल, तू डोळे मिटतोस
ते दाराला कडी घातल्यासारखे, आत उभा राहून.
बुधवारचा उपास आहे, शुक्रवारचा आहे,
त्यात हा एक माझा,
कुणीही न सांगितलेला.

काल मरियमचा सण होता. बेटावरच्या गोल देवळात
अब्बा ऐनेकुलू रात्रभर उभे होते,
काखेत टेकणकाठी, भोवती ढोल, धूप,
त्सनात्सिलचा खुळखुळाट.
ऐंशीच्या घरातला माणूस. उजाडता उजाडता
माझ्या होडीत बसले आणि हनुवटी छातीवर पडली.
घोरायला लागले.

झेगेच्या बाजूने वारा सुटला तेव्हा आम्ही मधोमध होतो.
लाट आडवी आली. लव्हाळ्यातून पाणी वर झिरपलं,
अब्बांच्या गाबीचा काठ भिजला, मग गुडघे.
त्यांचं घोरणं एका सुरात.
मला राग आला, खरं सांगतो.
एवढं शांत झोपायला माणसाला लाज कशी वाटत नाही?
तोंड उघडलं होतं मी, अब्बा, उठा, बुडतोय आपण,
आणि आठवलं
की ही ओरड आधी एकदा झालेली आहे, दुसऱ्या सरोवरात,
आणि ओरडणाऱ्यांनाच मागून बोलणी खावी लागली.
मिटलं तोंड. वल्हं मारत राहिलो.

काठाला लागताना धक्का बसला, तेव्हा उठले.
मिशीवरची लाळ पुसली. पोचलो?
वारा होता, अब्बा.
असेल. तू होतास ना.

मी असून काय, म्हणालो. तुम्हीच माती दिलीत तिला.
तुम्हाला माहीत आहे, मी झोपतो.

माहीत आहे, ते म्हणाले.
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं
आता एखादं वचन येईल, प्रार्थना,
निदान पाठीवर हात.
होडीकडे बोट दाखवून म्हणाले,
हिला वाळत घाल आधी. जड झालीय फार.
मग तूही.

दोघांनी मिळून ओढली. उभी केली लिंबाच्या झाडाला टेकून.
तिच्यातून पाणी निथळत होतं, थेंब थेंब,
किती तरी वेळ.
तिच्या सावलीत मी आडवा झालो.
अब्बा शेजारी दगडावर बसले, माशा वारायला
घोड्याच्या शेपटीचा पंखा हातात घेऊन.
मी बसतो, म्हणाले. जा.

स्वप्न पडलं नाही. काहीच पडलं नाही.

उठलो तेव्हा सावली सरकून पार पलीकडे गेली होती.
अंगावर त्यांची गाबी, वाळून कडक झालेली.
आणि अब्बा
दगडावर बसल्या बसल्या झोपलेले,
पंखा मातीत पडलेला, तोंड उघडं.

म्हणजे पहाऱ्यावर कोणीच नव्हतं.

वल्हं जागेवर होतं. होडी जागेवर,
हलकी झालेली, पिवळी.
पाण्यावर दोन पाणकोळी.
मी पंखा उचलला, झटकला,
आणि त्यांच्या तोंडावरची माशी उडवली
हळूच,
जाग येऊ नये अशी.